रास आणि दाणा

धान्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाची एक सवय असते. मालाची रास समोर आली की तिच्या आकारावर तो भुलत नाही. पुढे वाकतो, हात आत घालतो, मूठभर दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने पसरतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. वरून एकसारखी दिसणारी रास आतून तशी असेलच असे नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. चार महिने दुकानावर बसले की ते आपोआप अंगवळणी पडते.

लंडन शहरात १२ ऑक्टोबर २०१० रोजी एक रास लोकांसाठी खुली झाली. तिच्यापाशी आलेल्या माणसांपैकी फारच थोड्यांचा धान्याच्या व्यापाराशी संबंध असेल. पण त्यांनीही नेमके हेच केले. टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या मुख्य दालनात जमिनीवर, सुमारे एक हजार चौरस मीटर जागेत, दहा सेंटीमीटर जाडीचा सूर्यफुलाच्या बियांचा थर पसरलेला होता. दुरून पाहणाऱ्याला ती करड्या रंगाची बारीक खडी वाटावी. जवळ गेल्यावर काळ्या-पांढऱ्या रेषा दिसू लागत, आणि एक बी उचलून हातात घेतले की ते अपेक्षेपेक्षा थंड आणि जड लागे. ते खरे बी नव्हते. ते चिनी मातीचे होते, भट्टीत भाजलेले आणि हाताने रंगवलेले. अशा बियांची संख्या दहा कोटी सांगितली गेली आणि वजन १५० टन. पेठेच्या भाषेत सांगायचे तर पंधराशे क्विंटल माल, दहा टनी ट्रक धरले तर पंधरा ट्रक.

आय वेईवेई या चिनी कलावंताची ही कलाकृती. तिचे नावही साधेच आहे : ‘सूर्यफुलाच्या बिया’.

ज्या जागेत ती मांडली गेली, त्या जागेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण एवढी मोठी वस्तू सामान्य प्रदर्शनगृहात मावलीच नसती. थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर बँकसाइड येथे तेलावर चालणारे एक वीजनिर्मिती केंद्र होते. ते १९८१ साली बंद पडले. पुढे त्या इमारतीचे संग्रहालय झाले आणि मे २००० मध्ये ते सुरू झाले. जिथे एके काळी वीज निर्माण करणारी जनित्रे बसवलेली होती, ते दालन तसेच मोकळे ठेवण्यात आले. लांबी १५५ मीटर, रुंदी २३ मीटर, उंची ३५ मीटर. आत यायला तिकीट नाही. पावसात भिजलेला माणूस, शाळेची सहल, दुपारची सुट्टी घालवायला आलेला कारकून, कोणीही उतारावरून चालत थेट आत येऊ शकतो. संग्रहालयाला ज्यांचे नाव मिळाले ते हेन्री टेट मूळचे किराणा दुकानदार. पुढे साखरेच्या धंद्यात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली, साखरेच्या चौकोनी वड्या इंग्रज घरांत पोहोचवल्या, आणि आपला चित्रसंग्रह राष्ट्राला देऊन त्यासाठी इमारतही उभारून दिली. ती पहिली टेट गॅलरी १८९७ साली उघडली. किराण्याच्या गल्ल्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेत शंभरांहून अधिक वर्षांनी धान्यासारखी रास यावी, हा योगायोगच. पण व्यापारी माणसाच्या तो लक्षात राहावा असा आहे.

या मोठ्या दालनासाठी दर वर्षी एका कलावंताकडून नवी कलाकृती करवून घेण्याची प्रथा होती आणि २००० ते २०१२ या काळात तिचा खर्च युनिलिव्हर कंपनीने उचलला. मुंबईत जन्मलेले अनीश कपूर यांनी २००२ साली याच दालनात तीन पोलादी कड्यांमधून ताणलेला एक लाल पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा केला होता. त्यापुढे माणूस मुंगीएवढा वाटे. आय वेईवेई यांनी उलटे केले. त्यांनी उंचीला हात लावला नाही. पस्तीस मीटर उंचीचे ते दालन वर रिकामे ठेवले आणि लोकांची मान खाली वाकवली.

बियांच्या जन्माची कथा बियांइतकीच पाहण्यासारखी आहे. त्या चीनच्या जिआंगशी प्रांतातील जिंगडेझेन या गावी तयार झाल्या. हजार वर्षांहून अधिक काळ या गावाने चिनी मातीची भांडी घडवली. सम्राटांच्या दरबारासाठी लागणारी भांडी इथल्या भट्ट्यांतून जात. ही माती जगाला ‘केओलिन’ या नावाने ठाऊक आहे. ते नावही याच परिसरातील गाओलिंग या ठिकाणावरून पडले. मराठी माणूस लोणच्याच्या बरणीला आणि चहाच्या कपाला सहजपणे ‘चिनी मातीचा’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला हे गाव उभे असते. दरबार गेले, पुढे सरकारी कारखाने आले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतले अनेक बंदही पडले. हात मात्र तिथेच होते. आजोबांनी नातवाला दिलेली कला होती आणि तिला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. जुन्या बाजारपेठेच्या गावांना ही अवस्था अपरिचित नाही.

त्या गावात सुमारे १६०० माणसे अडीच वर्षे या कामाला लागली. डोंगरातून दगड आणायचा, कुटायचा, त्याची पूड पाण्यात धुऊन माती करायची, ती साच्यात घालून बी काढायचे, वाळवायचे, तेराशे अंशांच्या आसपास भाजायचे. मग ते पांढरे बी रंगवणाऱ्याच्या हाती द्यायचे. पुन्हा भट्टी, पुन्हा धुणे, पुन्हा वाळवणे. असे वीस ते तीस टप्पे. रंगवणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. डाव्या हाताच्या चिमटीत बी, उजव्या हातात बारीक कुंचला, एका बाजूला तीन-चार फटकारे, बी उलटायचे, दुसऱ्या बाजूला तेवढेच. काही जणींनी हे काम घरी नेले आणि घरकामातून वेळ मिळेल तसे केले. पापड लाटणाऱ्या किंवा माळा ओवणाऱ्या बायकांच्या हातांची लय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हे सारे यंत्राने झाले नसते काय? झाले असते, आणि स्वस्तातही झाले असते. प्लॅस्टिकच्या दहा कोटी बिया एखाद्या कारखान्याने काही आठवड्यांत ओतून दिल्या असत्या. त्या काळात जगाच्या दुकानांतील असंख्य वस्तूंवर ‘चीनमध्ये बनवलेले’ अशी अक्षरे असत, आणि ती वाचताना कोणालाही एखादा हात किंवा चेहरा आठवत नसे. नेमका हाच शिक्का या कलावंताने घेतला आणि त्यामागचे हात मोजायला लावले. हिशेब केला तर माणशी साडेबासष्ट हजार बिया येतात, म्हणजे अडीच वर्षांत दिवसाला सत्तर-ऐंशी. अर्थात सरासरी ही फसवी बाब आहे. कोणी फक्त दगड कुटला, कोणी फक्त भट्टी सांभाळली, कोणी दिवसाला शेकडो बिया रंगवल्या.

दहा कोटी हा आकडा बोलायला सोपा आणि पाहायला अवघड. सेकंदाला एक याप्रमाणे रात्रंदिवस न थांबता बिया मोजल्या तरी तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. ही रास लंडनला पसरलेली होती त्याच हिवाळ्यात भारतात २०११ ची जनगणना चालू होती, आणि तिच्यात महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर भरली. म्हणजे मुंबईपासून गडचिरोलीपर्यंतच्या प्रत्येक माणसामागे एक बी ठेवायचे म्हटले तर त्या राशीत सव्वा कोटी बिया कमी पडल्या असत्या. एवढी माणसे एका सभागृहात घोट्याच्या खालीच राहतात, ही कल्पना काहीशी अस्वस्थ करणारी आहे.

आरंभीच्या दिवसांत लोक राशीवरून चालले. पायाखाली बिया करकरत. कोणी आडवे झाले, कोणी मुलांना त्यात अर्धे पुरून ठेवले, कोणी ओंजळीतून धार सोडत बसले. एखादे बी खिशात टाकण्याचा मोह किती जणांना झाला असेल, हे सांगणे कठीण नाही. खुद्द आय वेईवेई यांनीही, आपण प्रेक्षक असतो तर एक बी घ्यावेसे वाटलेच असते, अशा अर्थाचे बोलून दाखवले होते. मात्र संग्रहालयाच्या दृष्टीने ती एकच अखंड वस्तू आहे, हेही त्यांना मान्य होते.

मग दोन-तीन दिवसांतच दोरी लागली.

कारण धूळ. बियांवर बिया घासल्या जाऊन चिनी मातीची बारीक पूड हवेत मिसळू लागली. अशी पूड दीर्घकाळ आणि वारंवार श्वासावाटे आत गेली तर फुप्फुसांना अपाय होऊ शकतो, असा सल्ला मिळाल्यावर संग्रहालयाने राशीवर पाय ठेवण्यास मनाई केली. २ मे २०११ पर्यंत प्रदर्शन चालले. तोपर्यंत लोकांनी ती रास कडेने आणि वरच्या पुलावरून पाहिली. वृत्तपत्रांतून चेष्टा झाली, टीकाही झाली. जी कलाकृती पायांनी आणि हातांनी अनुभवायची, ती अखेर डोळ्यांनी पाहायची चित्रफीत झाली, असा तक्रारीचा सूर होता आणि तो अगदीच गैर नव्हता.

पण ‘दीर्घकाळ आणि वारंवार’ या शब्दांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. तासाभरासाठी आलेल्या पाहुण्याला त्या धुळीची फारशी भीती नव्हती. भीती होती ती रोज सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत त्याच राशीच्या कडेला उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्यांना, झाडलोट करणाऱ्यांना. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नव्हती. मिरची किंवा हळदीच्या वखारीत, पिठाच्या गिरणीत, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल आणि मालक यांच्या श्वासातील फरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या निर्णयाचे महत्त्व कळेल. ग्राहक माल पाहून जातो. धूळ राहते ती रोजच्या माणसाकडे. हजारोंची हौस मोडून मोजक्या नोकरमाणसांची फुप्फुसे जपली गेली. जिंगडेझेनमध्ये हीच माती अडीच वर्षे कुटली, घासली आणि झटकली गेली, तेव्हा तिथल्या फुप्फुसांचा हिशेब कोणी ठेवला होता काय, हा प्रश्न त्या दोरीच्या मागे उभा राहतो आणि तो सहजासहजी हलत नाही.

सूर्यफुलाचे बीच का, याचे उत्तर कलावंताच्या बालपणात आहे. आय वेईवेई यांचा जन्म १९५७ चा. वडील आय चिंग हे चीनमधील नामवंत कवी; परंतु राजकीय रोषाला पात्र ठरल्यामुळे कुटुंबासह त्यांना दूर शिंजियांगमध्ये पाठवण्यात आले आणि तिथे सार्वजनिक शौचालये साफ करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. लेखणी बंद होती. कुटुंब बीजिंगला परतले ते १९७६ मध्ये. त्या काळातील भित्तिचित्रांत माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड वळवलेली सूर्यफुले असत. (वनस्पतिशास्त्र याबाबत थोडे खोडकर आहे. सूर्यामागे वळते ते कोवळे रोप. पूर्ण उमललेले फूल वळणे थांबवते आणि पूर्वेकडे तोंड करून राहते.) पण त्याच टंचाईच्या दिवसांत सूर्यफुलाच्या बिया ही गरिबाला परवडणारी एकमेव चैन होती. चार माणसे जमली की कोणीतरी खिशातून मूठभर बिया काढी, वाटून घेई आणि गप्पा चालत. एकाच बियेत दडपणही होते आणि स्नेहही होता.

दुसरे कारण ताजे होते. १२ मे २००८ रोजी सिचुआन प्रांतात भीषण भूकंप झाला. अनेक शाळा कोसळल्या आणि मुले आत गाडली गेली. कित्येक ठिकाणी शेजारच्या इमारती उभ्या होत्या. बांधकामात काय झाले, असे आईबाप विचारू लागले. किती मुले गेली आणि ती कोण, हेही प्रारंभी कोणी सांगेना. तेव्हा आय वेईवेई यांनी स्वयंसेवक गोळा केले. ते गावोगाव, घरोघर गेले. मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळा, वर्ग अशी एकेक नोंद त्यांनी केली. अनेकांना पोलिसांनी अडवले. वर्षभरात पाच हजारांहून अधिक नावांची यादी तयार झाली आणि ती कलावंताच्या कामाच्या जागी भिंतीवर लागली. ओळीमागून ओळी, एखाद्या मोठ्या पेढीच्या खतावणीसारख्या. ज्याने ती यादी केली, त्यानेच ही रास घातली आहे. यादी ठाऊक असलेला माणूस त्या बियांकडे पुन्हा पाहतो, तेव्हा त्याला दहा कोटी हा आकडा दिसत नाही. एक आणि एक आणि एक असे काहीतरी दिसू लागते.

प्रदर्शन चालू असतानाच बाजाराने आपला भाव सांगितला. फेब्रुवारी २०११ मध्ये लंडनच्या सोदबी लिलावगृहात अशाच १०० किलो बिया विक्रीस आल्या. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार पौंड. बोली चढत गेली आणि लिलावगृहाची आडत धरून किंमत पडली ३ लाख ४९ हजार २५० पौंड. त्या वेळच्या दराने अडीच कोटी रुपयांच्या घरात. त्या ढिगात लाखभर बिया आहेत असे धरून बीमागे साडेतीन पौंड असा हिशेब मांडला गेला. सगळ्या १५० टनांना तोच भाव लावून कोणी पन्नास कोटी पौंडांचा आकडा काढला तर तो शाळेच्या वहीत बरोबर ठरेल. शंभर किलोचा भाव पंधराशे क्विंटलला लावता येत नाही, हे लातूरच्या आडतीवरचा उमेदवार पोरगाही सांगेल. माल बाजारात उतरला की भावही उतरतो. रंगवणाऱ्या बाईच्या बोटांतून तेच बी गेले तेव्हा त्याचा भाव काय होता, याची तुलना मात्र मनात आल्यावाचून राहत नाही.

त्यानंतरच्या वसंतात घटना वेगाने घडल्या. ३ एप्रिल २०११ रोजी बीजिंगच्या विमानतळावर आय वेईवेई यांना ताब्यात घेण्यात आले. कुठे ठेवले आहे हे घरच्यांनाही कळू दिले नाही. सरकारी बाजूने आर्थिक गुन्ह्यांचा उल्लेख झाला. लंडनला बियांची रास अजून पसरलेलीच होती. टेट मॉडर्नने इमारतीच्या माथ्यावर, नदीपलीकडूनही वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत, त्यांना मुक्त करण्याची मागणी लिहिली. सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्थेने एखाद्या बलाढ्य देशाला असे उघडपणे काही सांगावे, ही साधी गोष्ट नव्हती. मे महिन्यात पॅरिसच्या ग्रां पालेमध्ये अनीश कपूर यांचे ‘लेव्हिएथन’ हे फुगवलेले प्रचंड शिल्प खुले झाले. ते त्यांनी आय वेईवेई यांना अर्पण केले. एक्क्याऐंशी दिवसांनी, २२ जूनला, सुटका झाली. पासपोर्ट परत मिळायला पुढची चार वर्षे गेली.

यापुढील प्रकरण कलेच्या पुस्तकांत थोडक्यात उरकले जाते. वास्तविक व्यापाऱ्यांनी ते सविस्तर वाचावे. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांच्याशी संबंधित कंपनीवर थकीत कर आणि दंड मिळून दीड कोटी युआनची मागणी आली. मुदत पंधरा दिवसांची. बातमी पसरली आणि अनोळखी माणसे पैसे पाठवू लागली. कोणी टपालाने, कोणी खात्यावर. कोणी नोटांची कागदी विमाने करून त्यांच्या घराच्या भिंतीवरून आत भिरकावली. सुमारे तीस हजार माणसांकडून नव्वद लाख युआन जमले. सरासरी माणशी तीनशे युआन, म्हणजे धनिकांची थैली नव्हे, पगारदारांची चिल्लर. आय वेईवेई यांनी ही रक्कम देणगी म्हणून घेतली नाही. ती उसनी आहे असे जाहीर केले आणि देणाऱ्यांच्या नावे रकमेची कर्जपावती लिहून देण्याची व्यवस्था केली. त्यातील साडेचौऱ्याऐंशी लाख युआन अनामत भरून त्यांनी दाद मागितली. पुढच्या वर्षी ती फेटाळली गेली. त्या पावत्यांचा नमुना त्यांनी नंतर भिंतीवर चिकटवायच्या कागदावर छापून प्रदर्शनात लावला. तारण नाही, जामीन नाही, व्याज नाही. ऋणको सरकारच्या पाळतीखाली आणि धनको तीस हजार. पतपेढीच्या कोणत्याही नियमात हे कर्ज बसले नसते. पण नाव, रक्कम आणि सही या तिन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या.

लंडनची रास मे २०११ मध्ये उचलली गेली. पुढच्या वर्षी टेटने तिचा सुमारे पंधरावा भाग, म्हणजे दहा टन बिया, आपल्या संग्रहासाठी विकत घेतल्या. त्यांची संख्या सुमारे ८० लाख सांगितली गेली. इथे हिशेबी माणूस अडखळतो. दीडशे टनांत दहा कोटी म्हणजे बी दीड ग्रॅमचे. दहा टनांत ऐंशी लाख म्हणजे सव्वा ग्रॅमचे. आणि लिलावातील शंभर किलोत एक लाख म्हणजे एकाच ग्रॅमचे. बँकेत असा ताळा चुकला असता तर संध्याकाळी कोणालाही घरी जाता आले नसते. सव्वा ग्रॅम खरे मानले तर मूळ राशीत बारा कोटी बिया असतील आणि २०११ च्या महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला एक पुरून वर उरतील. उघडच आहे की त्या कोणी मोजलेल्या नाहीत. त्या तोलल्या गेल्या आहेत आणि गोल आकड्यात सांगितल्या गेल्या आहेत, जसा माल नेहमी सांगितला जातो.

त्या दहा टनांचा पाच मीटर व्यासाचा आणि दीड मीटर उंचीचा शंकू करता येतो. खळ्यावर मळणीनंतर घातलेल्या राशीसारखा. बिया कशानेही चिकटवलेल्या नाहीत. रास मोडून पुन्हा घातली की आतल्या बिया वर येतात आणि वरच्या आत जातात. प्रत्येकीवरच्या रेषा निराळ्या, कोणाचा फटकारा जाड, कोणाचा बारीक, कुठे शेवटची रेघ घाईत ओढलेली. त्या ओढणाऱ्या माणसांची संख्या जिथे जिथे लिहिली जाते, तिथे ती १६०० अशीच असते. पंधराशे सत्त्याण्णव नाही, सोळाशे चारही नाही.